गाठ मागे कशी गेली

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. खुर्चीवाल्या काकूंच्या दातांत वेताची ओली पट्टी आणि दोन्ही हात बैठकीच्या भोकांत गुंतलेले. खाणावळवाला आईला घेऊन आला, तर धड ‘या’ म्हणायचीही सोय नव्हती.

शेजारी विणून ठेवलेली नमुन्याची खुर्ची पसंत पडली तर खाणावळीच्या सगळ्या खुर्च्या विणायला काकूंकडे येणार होत्या. काम मंदावलं होतं आणि नवऱ्याचं ‘वेत सोड, प्लास्टिक विक’ हे पालुपद काही थांबत नव्हतं.

मायलेक समुद्रापलीकडचे. वीणही तिकडचीच. काकूंचे सासरे ती एका जहाजावरच्या सुताराकडून शिकले, काकू सासऱ्यांकडून. आता गल्लीतला जो तो ती ‘आपली जुनी वीण’ म्हणून विकतो.

खाणावळवाल्याने नमुन्याची खुर्ची फिरवून पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं.

“काकू, शेवटची गाठ मागच्या कडेला? आमच्याकडे पुढे असते. मला हुबेहूब घरच्यासारखी हवी होती. ही नाही चालायची.”

“आमच्याकडे पहिल्यापासून मागेच. सासरे तुमच्याकडच्या सुताराकडून शिकले तेव्हापासून.”

“तुझे सासरे शिकायला बसायचे कुठे?” म्हातारीने मध्येच विचारलं.

“सुताराच्या समोर, आजी. खुर्ची मध्ये. गाठ आपल्या पोटाशी आली पाहिजे, एवढं त्याने बजावलं होतं म्हणे.”

म्हातारी खो खो हसली. “अगं, त्याच्या पोटाशी पुढची कड, ह्यांच्या पोटाशी मागची! अख्ख्या गल्लीने उलटी विणली की!”

काकूंचे कान तापले. “पुढे घेते हवी तर. मग कपडे अडकले तर माझ्या नावाने खडे फोडू नका.”

म्हातारीचं हसू थांबलं. ती खुर्चीत बसली, उठली, झग्याची मागची बाजू चाचपली, पुन्हा बसली.

“काय रे, तुझ्या लहानपणी माझा एक तरी झगा धड होता का? गुडघ्यामागे सगळे उसवलेले. त्याच गाठीने.”

“पण आई, आपली पद्धत...”

“पद्धत गेली चुलीत! गाठ मागेच राहू दे. तिकडे मावशीलाही कळव. तिच्या विणकराला म्हणावं, पलीकडे जाऊन बस.”

लेकाने मान डोलावली. दुसरं करणार काय?

उद्या सकाळी साडेसातला खाणावळीच्या पहिल्या चार खुर्च्या हातगाडीवरून काकूंच्या दारात उतरतील.