पान ३७ वरचा आकडा

पुस्तक माझ्याकडं परत आलं ते चकचकीत कागदात गुंडाळून, वर लाल फीत लावून.

सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत कार्यक्रम होता. गुरुजींनी ठरवलेला. गुरुजी म्हणजे हिंगोलीतले माझे एकोणीस वर्षांपासूनचे स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक. हार नको, नारळ नको, पाहुण्याला पुस्तक द्या, हा त्यांचा आग्रह. आता आसपासच्या गावांतही ती पद्धत पडली आहे. त्या दिवशी पाच जणांचा सत्कार होता आणि त्यात मीही होतो. "स्वतःची पुस्तकं गावाला वाचायला देणारा माणूस," असं गुरुजींनी माइकवर सांगितलं. टाळ्या वाजल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन कागद सोडला. आत झाडांविषयीचं एक जुनं पुस्तक होतं. कव्हर नवं घातलेलं. तरी हाताला वजन ओळखीचं लागलं. मी पान ३७ उघडलं. खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात, ११८.

बायको हसून हसून बेजार झाली. "आमचं ब्लाऊज पीस फिरतं तसं तुमचं पुस्तक फिरून राहिलं की हो! आहेर करणाऱ्यानं आहेर बघून तरी करावा."

मी हसलो नाही. मी शेवटचं पान शोधत होतो.

हे शेवटच्या पानाचं सांगायला हवं. मी नवं पुस्तक सहसा घेत नाही. रद्दीच्या दुकानात, नांदेडच्या फुटपाथवर, मिळेल तिथं जुनं घेतो. जुन्या पुस्तकात आधीचा माणूस राहून गेलेला असतो. एकात एसटीचं तिकीट सापडलं, एकात हळदीचं बोट उमटलेलं, एकात "इथपर्यंत वाचलं, पुढं धीर झाला नाही" अशी ओळ. ती ओळ वाचून मला सुचलं की आपल्याकडून वाचायला नेणाऱ्यानंही काही ठेवून जावं. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्यानं आपलं गाव आणि एक ओळ लिहायची. नाव नाही लिहायचं. आणि पुस्तक अडवून ठेवायचं नाही, पुढं द्यायचं, पण कुठं दिलं ते मला कळवायचं. एवढे दोनच नियम.

माझ्या वहीत २६४ पुस्तकांची नोंद आहे. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि तो मी पान ३७ वर लिहितो, कारण पहिलं पान कुणीही फाडू शकतं.

११८ च्या शेवटच्या पानावर अकरा ओळी होत्या. सातवी माझ्या थोरल्या बहिणीची. ती वसमतला दिलेली. तिनं लिहिलं होतं: "वसमत. लिंबाचं पान वाचून आपल्या आडावरचा लिंब आठवला. त्याच्याखाली बसून मी भावाच्या वाटणीची गोळी खाल्ली होती आणि कावळ्यानं नेली म्हणून सांगितलं होतं." ही चोरी मला चाळीस वर्षांनी पुस्तकातून कळली. फोन करून मी तिला म्हटलं, "आक्का, गोळी भरून दे." ती म्हणाली, "कावळ्याकडं माग."

आक्का जाऊन दोन वर्षं झाली. तिची लेक, माझी भाची, दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "मामा, आईच्या हातचं लिहिलेलं माझ्याजवळ एक चिठोरं न्हाई. मोबाईल आल्यापासून तिनं कागदावर लिहिलंच कवा?" मी म्हटलं, आहे. एक पुस्तक आहे, ते तुझं.

पुस्तक तेव्हा गुरुजींकडं होतं. सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडून ४१ पुस्तकं नेली, २७ परत केली. १४ राहिली. विचारलं की म्हणायचे, "वाचनात हाय." मला संशय आला नाही. उलट एवढं वाचणारा माणूस आपला मित्र आहे याचा मला अभिमान होता. ११८ मी त्यांच्याकडं तीनदा मागितलं. कशासाठी, तेही सांगितलं. आक्काची ओळ त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवली. तिन्ही वेळा ते म्हणाले, "पुढच्या हप्त्यात नक्की."

आता पुस्तक हातात होतं आणि शेवटचं पान नव्हतं. ब्लेडनं कापलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"या या, सत्कारमूर्ती!"

मी पुस्तक पुढं ठेवलं. "गुरुजी, याचं शेवटचं पान कुठंय?"

त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि कपाळावर हात मारला. "अरेच्चा. हे तुमाला आलं का? समद्याला सारखाच कागद लावला हो, वरून काय कळतंय."

"पान कुठंय?"

"त्याच्यावर लोकांनी काहीबाही लिहिलेलं होतं. असं भेट देता येतं का? जुनी शाल कोनी पांघरवतं का पाव्हण्याला? म्हणून साफ केलं, नवं कव्हर घातलं. दिसायला बराबर पाहिजे."

"चौदाही पुस्तकं अशीच वाटली?"

"चौदा का तेरा, मी तुमच्यावानी मोजत बसत न्हाई."

"कधी कापलं हे पान?"

"परवा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. चार झाले होते, पाचवं कमी पडून राहिलं होतं."

म्हणजे मी तीनदा मागितल्यानंतर. मी तसं बोललो. त्यांनी पेपरची घडी घातली.

"तुमीच म्हनता ना, पुस्तक अडवू नका, पुढं द्या? मंग मी पुढंच दिलं. तुमच्या कपाटात वाळवी लागण्यापेक्षा चार घरी गेलं. यात तकलीफ कशाची?"

माझाच नियम त्यांनी मला वाचून दाखवला. अर्धाच वाचला, कुठं दिलं ते कळवायचं हे गाळून. कापलेली पानं कुठं आहेत, एवढंच विचारलं. घंटागाडीत गेली, म्हणाले. मग आत वळून त्यांनी आवाज दिला, "चहा टाका हो!" मी चहा न घेता निघालो. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

रविवारी भाची पुस्तक न्यायला आली. आधी फोनवर सांगायला हवं होतं, पण मला ते जमलं नाही. पुस्तक तिच्या हातात दिलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "तुमचा आकडा हाय?"

"आहे."

"तो कसा वाचला?"

"आत असतो. सदतिसाव्या पानावर."

"तुमचा आकडा आत, अन् लोकांचं लिहिलेलं शेवटी, उघड्यावर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मामा, तुमी तर समदं मोजून ठेवता."

गुरुजींना चार दिवस मनात दिलेल्या शिव्या तिथंच थांबल्या. शिव्या खोट्या होत्या असं नाही, त्या परत घ्यायची माझी तयारी अजूनही नाही. पण क्रमांक आत ठेवायची अक्कल मला होती आणि आक्काची ओळ तशी ठेवावी हे मला सुचलं नव्हतं.

भाचीनं पुस्तक शेवटाशी उघडलं. ब्लेड शिवणीपासून जरा दूर चाललं होतं, त्यामुळं करंगळीच्या नखाएवढी पट्टी राहिली होती. गाव डाव्या कडेला लिहायचं असल्यामुळं तिच्यावर गावांची पहिली अक्षरं होती. एकाखाली एक, अकरा. मी चार दिवस कापलेलं पान बघत होतो, ती पट्टी बघितलीच नव्हती. तिनं वरून बोटानं मोजलं. सातव्या जागी एक 'व' होता, निळ्या शाईचा, पोट फुगलेला.

"आईचाच," ती म्हणाली.

अकरांत वसमत एकच होतं. मी मान हलवली.

तिनं पुस्तक पिशवीत घातलं आणि चारच्या एसटीनं गेली. मी वही काढली. ११८ समोर 'भाचीस कायमचं दिलं' असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'एक अक्षर शिल्लक'.

गुरुजींचा काल फोन आला होता. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, चार पुस्तकं हवीत. मी म्हटलं, चौदा गेली, २५० उरली, पण तुमच्यासाठी एकही नाही.