माझ्या हातची ओटी नको म्हणाल्या

मैत्रिणींनो, आज दुपारी भवानी पेठेतल्या आमच्या घरी नणंदेची चोरओटी होती. तिसरा महिना, म्हणून घरातल्याच बायका.

मी तांदळाचं ताट उचललं तर सासूबाईंनी हात धरला. "तू नगं भरू. तुझ्या रक्तात खोट हाय. एक पोर भोगतीय, तेवढं बास की."

ती पोर म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. तिला थॅलेसेमिया आहे, सारखं रक्त चढवावं लागतं. हा आजार आई-बाप दोघांकडून येतो. नवऱ्याचा रिपोर्ट माझ्यासारखाच आला होता, दोष त्याच्याही रक्तात. सासूबाईंनी तो नणंदेलाही कळू न देता कपाटात कुलूपबंद केला. नवरा आज बाहेरच्या खोलीत सगळं ऐकत बसला.

नणंद त्याची सख्खी बहीण. दिलीय सख्ख्या मामाच्या मुलाला. दोघांचं रक्त कुणी तपासलेलं नाही. पोटातल्या बाळाची तपासणी करायला अजून वेळ आहे.

नणंद म्हणाली, "वैनी, आई बरोबर बोलली. माझ्या बाळाला तुमची सावली नको."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी ताट खाली ठेवलं आणि हसून "बरं" म्हणाले.

चार तास झाले. ती आत झोपलीय. तुम्हा सगळ्यांना सांगितलं, तिला नाही.

खरं सांगा, तुम्ही उठून आत गेला असता?