खवणेकरबाईंच्या वहीतली रेघ

धडधड, धडधड. अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेतला कॉम्प्रेसर असा चाले, की त्या तालावर कविता म्हणाव्यात. लघवीतलं सोडियम मोजायच्या यंत्राला हवा पुरवायचा तो. नमुना ज्योतीत गेला की ज्योत पिवळी होई. मीठ जास्त, तर पिवळा गडद. त्या रंगाकडे पाहत मी शाळेत पाठ केलेलं काहीबाही पुटपुटत होतो, तोच मागून आवाज आला, "सावंत, कविता झाली असेल तर आकडा सांगा."

डॉ. इंदुमती खवणेकर यांची आणि माझी ही पहिली ओळख. त्या नव्या प्राध्यापक, मी तात्पुरता तंत्रज्ञ.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर विद्वान लिहितीलच. मला उमगलं ते एवढंच. मूत्रपिंड रक्तातून मीठ गाळतं आणि त्यातलं बहुतेक परत आत ओढून घेतं. खाण्यात मीठ वाढलं की हे ओढणं मंदावायला हवं. तसा निरोप देतं डोपामिन. लोकांना ते मेंदूतलं म्हणून ठाऊक; पण मूत्रपिंड आपल्यापुरतं ते स्वतःच बनवतं. बाई सांगत, "सोसायटीची टाकी भरली की 'पंप बंद कर रे' म्हणून ओरडणारा एक जण असतो ना, तो डोपामिन. काही रक्तदाबवाल्यांत तो ओरडतो, पण पंपवाल्याला ऐकूच येत नाही."

बाईंची वही मी जन्मात विसरणार नाही. त्यांचा नियम होता: आकडा खोडायचा नाही. चुकला तर एकच रेघ, खालचा आकडा वाचता यावा अशी. बाजूला कारण, खाली सही.

एकदा आमच्या तपासणीतल्या एक रक्तदाबवाल्या, कांजूरमार्गच्या सुमनमावशी, यांचा चोवीस तासांच्या लघवीचा कॅन मी बसने आणत होतो. मरोळला बसने गचका दिला आणि निम्मा सांडला. नोकरी जाईल या भीतीने मी नळाचं पाणी घालून तो भरला. ज्योत फिकी आली. रोज सुका बांगडा खाणाऱ्या मावशी, आणि मीठ बाहेर पडतच नाही! बाईंना हवा होता तोच पुरावा. त्यांचा उजळलेला चेहरा मला सोसवेना. चहाच्या वेळी मी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी वही उघडली. मग त्यांनी रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'नमुना सांडला, पाणी मिसळले.' खाली सही स्वतःची केली. विभागप्रमुखांना म्हणाल्या, "चूक माझी." माझी नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी नवा कॅन मागायला त्या स्वतः माझ्याबरोबर कांजूरला आल्या. मावशी हसून म्हणाल्या, "बाई, सोन्याक नाय इतको मान दिल्यात माझ्या मुताक."

नवा आकडा बाईंच्या मताविरुद्ध गेला. त्यांनी तोही तसाच छापला. अशा बाईंच्या हाताखाली मी नोकरी केली, हे आजही मी छाती पुढे काढून सांगतो.

बाईंना निरोगी शंभरी लाभो, आणि त्यांच्या मूत्रपिंडांना शेवटपर्यंत नीट ऐकू येवो.

इथवर लिहिलं आणि दाराची बेल वाजली. मुलुंडच्या या घरी बाई कधीच आल्या नव्हत्या. तीन जिने चढून त्या दारात उभ्या, धापा टाकत.

"सावंत, तुम्ही लिहिताय म्हणे. त्या कॅनचं आलंय का त्यात?"

"आलंय, बाई."

"खोडा ते. तुमची नातवंडं वाचतील."

"खोडायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

बाई खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, मग म्हणाल्या, "बरं. या वेळी सही तुमची करा."

केली.