दंडाची ताडी

ठाण्याच्या मासळीबाजारात जनी कोळणीच्या पाटीपुढे भाव करण्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने भाव विचारायचा, जनीने तो सांगायचा, आणि मग गिऱ्हाइकाने मासळी घ्यायची किंवा पुढची पाटी धरायची. तिसरे काही करू पाहणारी बाई पुन्हा तसे करीत नसे. कचेरीतले कारकूनसुद्धा तिच्याशी आवाज खाली करून बोलत. अशा या बाईला उभ्या जन्मात एकच माणूस वठणीवर आणता आला नव्हता, आणि तो तिचा नवरा होता.

धाकू कोळीवाड्याचा पाटील. माणूस वाईट नव्हता. ओहोटीच्या चिखलातून होडी अशी काढी की म्हाताऱ्यांनी वाहवा करावी. त्याला नाद दोनच: ताडी पिण्याचा आणि नेम धरण्याचा. तंबाखू सोडण्याचा नेम त्याने धरला होता, कुणावर न ओरडण्याचा धरला होता, पहाटे उठून देवीला पाणी घालण्याचाही धरला होता. नेम धरतानाचा धाकू पाहण्यासारखा असे. छाती पुढे, डोळे ओले, हात देवळाच्या उंबऱ्यावर. नेम मोडताना मात्र त्याला कोणी पाहिले नव्हते. तो केव्हा मोडे हे बहुधा त्यालाही कळत नसावे.

त्या वर्षी जनीला त्याचा एक तरी नेम टिकायला हवा होता. थोरली मालू लग्नाची झाली होती. ठाकुर्लीकडच्या खाडीवरचा रतन तिच्या मनात भरला होता, आणि रतनलाही दुसरी कोणी दिसत नव्हती. अडून बसली होती रतनची आई, तुळसा. तिचा नवरा ताडी भरपूर पोटात घालून होडीच्या काठावर उभा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी चिखलात सापडला. तुळसाने निरोप धाडला : "पोरगी पसंत हाय. पन व्याही पिनारा असंल तर माजा पोर त्याच्या शेजारी बसून तेच शिकंल. शिमग्याआधी येऊन बघीन. सांगून येनार नाय."

एवढ्यात सरकारने ताडाच्या झाडांवर कराची पट्टी चढवली. गुत्तेदाराने लगोलग ताडीचा भाव वाढवला आणि ताडीतले पाणीही वाढवले. भाव वाढला हे वाड्याने एक वेळ सोसले असते. पाणी वाढले हा मात्र जातीचा अपमान होता.

माघी पौर्णिमेला देवीच्या अंगणात वाड्याचे पाच पंच बसले. धाकूने उंबऱ्याला हात लावला, डोळे ओले केले आणि सांगितले, "होळी पेटंपरयंत वाड्यातल्या कुनी थेंब घ्यायचा नाय. गुत्त्यावर माशा बसल्या पायजेत!"

"आनि मोडील त्याला?" नामाने विचारले. हा पंचांतला सगळ्यांत तरुण.

"त्याला दंड."

"कसला?"

"कसला म्हंजे? नेहमीचा!"

नेहमीचा दंड वाड्यातल्या लहान पोरांनाही पाठ होता. जातीचा नियम मोडणाऱ्याने पंचांपुढे ताडीचा एक घडा आणून ठेवायचा. पहिला पेला पाटलाने घ्यायचा, मग बाकीच्या पंचांनी. गुन्हेगाराने दूर बसून पाहायचे, त्याच्या ओठाला थेंब लागता कामा नये. घडा रिकामा झाला की गुन्हा फिटला. पंचांनी माना हलवल्या आणि सभा उठली. पायरीशी बसलेल्या जनीला काहीतरी खटकल्यासारखे झाले खरे, पण नवरा पिणार नाही या आनंदात ती बाई जरा गाफील राहिली.

पहिले काही दिवस वाड्याने फार पुण्य केले आणि ते कुणालाच सोसेना. नवऱ्यांना घरी वेळेवर यावे लागले. घरी आल्यावर करायचे काय हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते कालवणात मीठ किती हे सांगू लागले. धाकू तर येता-जाता उपदेश करी. "मन घट्ट पायजे गो, मन! आपल्याला तर आता आठवन पन येत नाय." असे म्हणताना त्याची नजर ताडाच्या शेंड्यावर असे.

ठाण्यातले हरिहरपंत हे पेन्शनीत निघालेले गृहस्थ. दारू सोडा असे व्याख्यान ते दर रविवारी देत, आणि ते ऐकायला कधी न प्यालेली माणसे जमत. कोळीवाड्याने ताडी सोडल्याचे कळताच ते छत्री घेऊन आले, धाकूच्या गळ्यात हार घातला, आणि आपल्या व्याख्यानांचे फळ अखेर दिसले असे बोलले. त्यांचे एकही व्याख्यान वाड्यात कुणी ऐकले नव्हते. पण धाकूला हार आवडला. तो वाळेपर्यंत त्याने गळ्यातून काढला नाही.

हार वाळला त्याच सुमारास नामा गुत्त्यामागे पीत असताना सापडला.

पंच बसले. नामाने घडा आणून मध्ये ठेवला आणि रीतीप्रमाणे दूर जाऊन बसला. मग पाचही जणांच्या लक्षात एकदमच आले, की ताडी पिण्याचा दंड ताडी पिऊनच वसूल करायचा आहे.  घड्यावर फेस होता.

"आता वो पाटील?" पंचांतला म्हातारा दगडू म्हणाला.

धाकूने खाडीकडे पाहिले, देवीकडे पाहिले, शेवटी घड्याकडे पाहिले. "बापजाद्यांची रीत आपल्याला मोडता येत नाय," तो जड आवाजात म्हणाला. "आनि हे पिनं नव्हं. हा न्याव हाय." आणि त्याने पहिल्या पेल्याने न्यायाला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दगडू न बोलावता पंचांपुढे येऊन उभा राहिला आणि आपणही प्यालो होतो असे कबूल करून मोकळा झाला. म्हाताऱ्याच्या सच्चेपणाने पंचांचा कंठ दाटला, आणि तो ओला करायला घडा तयारच होता. मग सच्चेपणाची साथच आली. आज याने मोडावे, उद्या त्याने. जो आज दूर बसून पाही तो उद्या पंचात बसून पिई. धाकू एकटाच एकदाही गुन्हेगार ठरला नाही, कारण त्याला कुठलाच न्याय चुकवता येत नव्हता. गुत्तेदाराने त्या पंधरवड्यात दुकानावर नवी कौले घातली.

जनीने घरात तोंड सोडले. "मालूच्या बापा, लाज हाय का? उंबऱ्याला हात लावलास ना?"

"मी पितो का गो? पंच पितात."

"पंचांचं पोट तुज्याच पोटात हाय नव्हं?"

"तुला जातीचा कायदा कळलाच नाय कधी."

"आनि तुळसा आली म्हंजे? तिला काय दाखवू, तुजा कायदा?"

धाकू म्हणाला, "ती काय आज येते?"

ती त्याच दिवशी आली. भरतीच्या पाण्याबरोबर तिची होडी बंदराला लागली तेव्हा देवीच्या अंगणात न्याय निम्म्यावर आला होता. तुळसा उंच, वाळकी बाई. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. धाकूने तिला पाहिले, उठायचा प्रयत्न केला आणि बसूनच बोलला, "या विहीनबाय! आमी ताडी सोडलीय, बरं का."

"दिसतं हो," तुळसा म्हणाली. "किती सोडलीत ती घड्याच्या तळाशी कळंल."

मालू समोरच्या घराच्या दाराआड होती. तिने पदर तोंडात धरला. जनीला कळून चुकले की आता ही बाई आली त्याच होडीने परत जाणार आणि पोरीचे लग्न तिच्याबरोबर जाणार. डोक्यावरची पाटी खाली ठेवून जनी सरळ पंचांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. बाई पंचात कधी उभी राहत नसे. पण तिच्यामागे वाड्यातल्या साऱ्या कोळणी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि पकडलेली मासळी बाजारात नेऊन विकते कोण, हे पाचही पंच जाणून होते.

"माजी फिर्याद हाय," जनी म्हणाली. "पाटलाने नेम मोडला. मी बघितला."

पंच खूश झाले. पाटलाचा घडा म्हणजे मोठा घडा. दगडू म्हणाला, "मंग दंड! आना घडा, आमी चौघं..."

"थांब दगडूकाका. नामा प्याला, त्याच्यावर पन फिर्याद हाय. तू प्यालास, तुज्यावर पन. हे दोघं आत्ता पितात ते मना दिसतंय. पाच गुनेगार, पाच घडे."

"मंग पिनार कोन?" नामाने विचारले.

"तेच मी इचारते," जनी म्हणाली. "गुनेगाराच्या ओठाला थेंब लागता नये, ही रीत हाय ना? बापजाद्यांची? ती तुमाला मोडता येत नाय ना?"

कायदा धाकूचाच होता आणि तो आता पाचही जणांच्या मानेवर बसला होता. घडे रिकामे झाल्याशिवाय गुन्हा फिटत नाही, आणि रिकामे करायला वाड्यात पंच शिल्लक नाही.

निकाल तुळसानेच दिला. "पाच घडे भरून देवीच्या दारात ठेवा. होळीच्या दिसाला मी येईन. घडे भरलेले असले तर नारळ देईन. नसले तर पोरगी दुसरीकडं बघा." एवढे बोलून ती बंदराकडे चालू लागली. जनीने वाकून पाटी उचलली.

घडे मांडले गेले. त्यानंतर वाड्यात खरोखरीच कोणी पिताना दिसले नाही. भक्तीमुळे नव्हे, की हरिहरपंतांमुळे नव्हे. नामा पिईल या भीतीने दगडू जागे, आणि दगडू पिईल या भीतीने नामा. शेवटी पाळ्या ठरल्या. एकेका रात्री एकेका पंचाने घड्यांपाशी एकट्याने राखण करायची. राखणीला कोणी नाही म्हटले नाही. उलट आपली पाळी कधी याची जो तो चौकशी करी. धाकू घरी येऊन सांगे, "बघ गो, नेम असा पाळायचा असतो." जनीला त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहायची इच्छा होई, पण शिमगा होईपर्यंत तिला काही कळायला नको होते.

होळीच्या दिवशी लाकडे रचली जात होती तेव्हा तुळसा आली. बरोबर रतन होता, आणि हातात नारळ. पाचही घडे काठोकाठ भरलेले होते. पंच रांगेत उभे होते, अंघोळ करून, केसांना तेल लावून. धाकूने छाती पुढे काढली.

तुळसाने पहिल्या घड्यात पेला बुडवला आणि घोट घेतला. तिचा चेहरा हलला नाही. तिने पेला जनीच्या हातात दिला. जनीने जिभेला लावला. इतके दिवस ठेवलेली ताडी आंबट लागायला हवी. ही खारट होती. निम्म्याहून अधिक खाडीचे पाणी होते.

"हा घडा कुनाचा?" तुळसाने विचारले.

"माजा," धाकू म्हणाला, आणि त्याची छाती आपोआप मागे गेली.

मालूकडे पाहण्याची जनीला हिंमत झाली नाही. तुळसा मात्र धाकूकडे बराच वेळ पाहत राहिली. गुरुवारच्या बाजारात शिळी मासळी पारखतात तशी.

"माज्या घरवाल्याने पन घडे रिकामे केले," ती अखेर म्हणाली. "पन एकदा पन भरून ठेवला नाय. ह्याला भरून ठेवायची लाज हाय. तेवढी पुरंल. बाकीचं बघायला तू हाईस, विहीनबाय." आणि तिने नारळ जनीच्या ओटीत घातला.

धाकूने मोठा सुस्कारा सोडला आणि आपण महिनाभर नेम कसा पाळला ते रतनला सांगायला सुरुवात केली. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. मालू दाराआडून हसत होती.

जनी नारळ देवीपुढे ठेवून परत आली. बाकीचे चार पंच घड्यांपासून जरा लांब सरकले होते. तिने दुसऱ्या घड्यात बोट बुडवले आणि चाखले. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या घड्यात. दगडूने आभाळाकडे पाहिले. नामा होळीची लाकडे नीट करू लागला.

जनीने कोळणींना हाक मारली. एकेक घडा कमरेवर घेऊन त्या बंदराच्या पायऱ्यांवर गेल्या आणि खाडीचे पाणी खाडीत ओतून आल्या.