काब्रामॅटाला लाल टी-शर्ट घालून

"बाबा, लंच आहे. भाषण नको, प्लीज!" निघतानाच रेवाने बजावलं. तिचं आणि डॅनियलचं ठरतंय. त्याचे व्हिएतनामी आजोबा सिडनीत, काब्रामॅटाला राहतात आणि त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात काही होत नाही. मी कबूल झालो. पण हनोईहून आणलेला लाल टी-शर्ट आतून चढवलाच. छातीवर पिवळा तारा, फ्रेंचांना हाकलणाऱ्या व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या झेंड्यावरचा.

मेलबर्नच्या क्लेटनहून पहाटे निघालात तर ह्यूम हायवेने संध्याकाळी सिडनीतलं टूनगॅबी. वाटेत गंडगायला पोळी-भाजी खाऊन पाय मोकळे करा. आम्ही मित्राकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी तिथेच ठेवून ट्रेनने गेलो. काब्रामॅटात पार्किंग शोधायच्या फंदात पडू नका.

ट्रेनमध्ये मला राहवेना. "मीठ पिकवायचं व्हिएतनामींनी, फ्रेंच सरकारला स्वस्तात विकायचं आणि तेच महाग विकत घ्यायचं! दारूचा मक्ता सरकारचा, अफूचा सरकारचा. वर म्हणे, सुधारायला आलोय!"

"बाबा, अख्खा डबा ऐकतोय."

"ऐकू दे!"

स्टेशनजवळ उसाचा रस प्यायलो. आंबट फळ पिळून देतात, जरूर प्या. रसवाल्या बाईंनी माझ्या उघड्या जॅकेटकडे पाहिलं, मग चौकातल्या झेंड्याकडे बोट केलं. पिवळा, त्यावर तीन लाल पट्टे, कम्युनिस्टांपुढे हरलेल्या दक्षिण व्हिएतनामचा.

"कोणाकडे चाललात?"

"मुलीच्या होणाऱ्या सासरी."

"मग चेन लावा, मेट. इथली कितीतरी माणसं तुमच्या ताऱ्यापासून पळून होडीत बसली."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं भाषण नेहमी विजयाशी संपायचं, एवढंच.

"आय टोल्ड यू, नो स्पीच!" रेवा रडकुंडीला आली.

"हा टी-शर्ट आहे."

"सेम थिंग!"

घरी आजोबांनी पेरूच्या फोडी आणि तिखट-मीठ पुढे ठेवलं, अगदी आपल्याकडच्यासारखं. बाहेर कडक ऊन, मी चेन गळ्यापर्यंत लावलेली. "जॅकेट काढा," ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा काढलं. रेवाने डोळे मिटले.

आजोबांनी चष्मा पुसून तारा नीट पाहिला. "पत्रकं वाटली म्हणून फ्रेंचांनी माझ्या वडिलांना तुरुंगात टाकलं. फ्रेंच गेले. मग या झेंड्यावाल्यांनी मला टाकलं. तुम्ही पहिलाच भाग वाचलेला दिसतो."

माईक न सोडणारा मी. तोंडातून फक्त "सॉरी" निघालं.

ते उठून आत गेले. संपलं सगळं, मला वाटलं. ते परत आले ते इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट घेऊन. "हा घाला. नाहीतर माझी बहीण तुम्हाला जेवायला वाढणार नाही." डॅनियल फिस्कन हसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

भाषण झालंच, पण त्यांचं. वडिलांचा तुरुंग, मिठावरचे पहारे, मग स्वतःचा तुरुंग आणि होडी. पाऊण तास! मी एकदाही मध्ये बोललो नाही. रेवा अजून सगळ्यांना सांगते.

निघताना म्हटलं, "शर्ट धुऊन पाठवतो."

"पाठवू नका. लग्नाला घेऊन या."

क्लेटनला परत येईपर्यंत रेवा गाडीत गाणी म्हणत होती. फ्रेंचांचं राज्य ही लूट होती, हे मी आजही ठणकावून सांगेन. फक्त आता विजयापाशी थांबणार नाही. शर्ट कपाटात टांगलाय. पोटावर घट्ट होतो. लग्नापर्यंत भात कमी केलाय.