चाळीस इंचांची कंबर

माणसाचं मोठेपण कोणत्याही मापात बसत नाही, असं थोर लोक सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी कुणी नगरच्या कापडबाजारामागच्या गल्लीत कोट शिवायला गेलं नसावं. तिथे एक शिंपी होते. ते कुणाचंही मोठेपण दोन मिनिटांत मापात बसवून द्यायचे, आणि वर दोन इंच शिल्लक ठेवायचे.

हे शिंपी जातीने मुसलमान, अंगाने काटकुळे आणि बोलण्यात अतिशय अदबशीर. भिंगारच्या कँपातल्या साहेबलोकांचे कपडे शिवून त्यांचा हात तयार झाला होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मीही तेव्हा मास्तरच होतो, पण शाळेचा. त्यामुळे मी दुकानात शिरलो की ते म्हणायचे, "या मास्तर," आणि मी म्हणायचो, "बसतो मास्तर," आणि बाकावरची गिऱ्हाइकं आमच्याकडे आळीपाळीने बघत राहायची.

त्यांची माप घेण्याची एक खास रीत होती. टेप लावायचा आणि आकडा मोठ्याने पुकारायचा, अगदी लिलावात पुकारावा तसा. छातीचा आकडा दोन इंच वाढवून, कमरेचा दोन इंच घटवून. मग कानावरची पेन्सिल काढून वहीत खरा आकडा लिहायचा. तोंडाने एक आणि हाताने दुसरं, हे पुढे मी सार्वजनिक जीवनात पुष्कळ पाहिलं. पण त्यात कपडा नीट बसल्याचं फक्त या दुकानातच पाहिलं. माझी छाती त्यांनी एकदा "छत्तीस!" म्हणून पुकारली, तेव्हा मी आठवडाभर ताठ चाललो. नंतर वही उघडी पडलेली दिसली. तेहेतीस लिहिलं होतं.

"मास्तर, हे काय?" मी विचारलं.

"छत्तीस तुमच्यासाठी, तेहेतीस कोटासाठी," ते म्हणाले. "दोघंही खूश राहिले पाहिजेत."

माझ्यासाठी त्यांनी दोनऐवजी तीन इंच वाढवले होते. शिक्षकाला तेवढी सवलत मिळत असावी.

त्यांच्या दुकानाला लागून, मधे फक्त एक फळ्यांची भिंत, एका म्हाताऱ्या जीनगराचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांचे जीन, लगाम आणि जीन आवळायचे पोटपट्टे, म्हणजे तंग, शिवणारं घराणं. मोटारी आल्या तशी घोडी कमी झाली, म्हणून म्हातारा आता पट्टे, पाकिटं, पिस्तुलाची म्यानं असलं किरकोळ काम करायचा. मन मात्र घोड्यातच होतं. माणसाच्या कमरेचा पट्टा त्याला तात्पुरता तंग वाटायचा. फळ्यांना फटी होत्या. त्यामुळे मास्तरांनी पुकारलेला प्रत्येक आकडा म्हाताऱ्याला ऐकू जायचा, आणि म्हाताऱ्याचं प्रत्येक मत मास्तरांना.

मी त्या वेळी जामखेडच्या इंग्रजी शाळेत हंगामी शिक्षक होतो. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी नोकरी आहे की नाही हे अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. शाळेचे अध्यक्ष गावातले मोठे व्यापारी होते. सरकारकडून आपल्याला रावसाहेब ही पदवी मिळावी अशी त्यांची इच्छा होती. ती अजून मिळाली नव्हती, पण आम्ही सगळे त्यांना आधीच रावसाहेब म्हणायला लागलो होतो, सराव असावा म्हणून.

दुसरं महायुद्ध चालू होतं. शाळेच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला जिल्ह्यातले एक बडे गोरे साहेब यायचे ठरलं. रावसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही नगरचे ना?"

"हो."

"चांगला शिंपी दाखवा. बंद गळ्याचा कोट, खाली घोडेस्वाराची ब्रीचेस, आणि वरून कातडी पट्टा पाहिजे, पितळी बकलाचा. असा रुबाब दिसला पाहिजे की साहेब बघत राहिला पाहिजे."

"दाखवतो."

"हे नीट पार पडलं तर कमिटीपुढे तुमचा कायमचा कागद मी ठेवतो. नाही पडलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला मात्र ते पुरं ऐकू आलं. घरी लग्नाचं ठरत होतं आणि मुलीकडच्यांनी एकच गोष्ट विचारली होती: कायम आहे का?

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही नगरला आलो. कापडावर तेव्हा नियंत्रण होतं, पण रावसाहेबांकडे युद्धाआधीचं खाकी कापड होतं. डांबरगोळ्यांच्या वासाने ते येण्याआधीच दुकानात पोचलं. मास्तरांनी कापड बोटांत चुरगळून पाहिलं आणि टेप काढला.

टेप पोटावर येताच रावसाहेबांनी श्वास आत ओढला. त्यांचं पोट छातीत गेलं आणि छाती गळ्याशी आली. तोंड लाल झालं.

"कंबर चाळीस!" मास्तरांनी पुकारलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

श्वास सोडल्यावर रावसाहेब प्रसन्न दिसले. "चाळीस? बरी आहे."

"जवानाची कंबर आहे, साहेब," मास्तर म्हणाले.

मग आम्ही पट्ट्यासाठी शेजारी गेलो. जीनगर म्हाताऱ्याने चष्मा वर करून रावसाहेबांना पुढून, बाजूने आणि मागून पाहिलं आणि खुंटीवरची गाठी मारलेली कातड्याची वादी काढली.

"हात वर करा मालक."

"हे काय?"

"माप. याच वादीनं घेतो आमी. घोडं असू द्या, न्हाईतर मानूस."

रावसाहेब एक पाऊल मागे सरकले. "मी काय तट्टू आहे? शिंप्याने माप घेतलंय, तेच घ्या."

म्हाताऱ्याने वादी खुंटीला अडकवली. "बरं. ऐकलंय मी."

ठरलेल्या दिवशी, म्हणजे समारंभाच्या आदल्या सकाळी, मी एकटाच माल न्यायला गेलो. दुपारची मोटार गाठायची होती. कोट पाहून मला आनंद झाला. मास्तरांनी तो लाकडी पुतळ्यावर चढवून, पोटाच्या जागी चिंध्या भरून ठेवला होता. रावसाहेब समोर उभे असल्यासारखं वाटलं. फक्त बोलत नव्हते, त्यामुळे जास्त बरे वाटले. शेजारून म्हातारा पट्टा घेऊन आला. पट्टाही देखणा होता. टाके मोत्यासारखे, बकल आरशासारखं. मास्तरांनी तो पुतळ्याला गुंडाळला.

दोन्ही टोकं एकमेकांपासून वीतभर लांब राहिली.

मास्तरांनी चिंध्या दाबून पाहिल्या. चिंध्यांना श्वास आत ओढता येत नाही.

"बाबा, हा कुणाचा पट्टा?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या मालकाचा. चाळीस म्हनालात ना?"

"म्हणालो चाळीस. लिहिलं चव्वेचाळीस!"

"आमी ऐकतो. वाचत न्हाई."

"पण हा तर चाळीसचासुद्धा नाही!" मास्तरांनी टेप लावला. "हा अडतीस आहे!"

"व्हय. दोन श्वासाचे काढले."

"कसल्या श्वासाचे?"

म्हाताऱ्याने आमच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तंग आवळाय गेलं की घोडं पोट फुगवतं. लई लबाड जात. मंग श्वास सोडलं की तंग ढिला पडतो आन्‌ सवार खाली. म्हनून मापातनं दोन इंच काढायचे. माझ्या आज्यापासनं काढतो."

"अहो, घोडा पोट फुगवतो! माणूस आत घेतो!" मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले. "उलटं असतं माणसाचं!"

"मला काय ठावं? मला वादी लावू दिली असती तर दिसलं असतं. तुमी पुकारता खोटं, त्यो घेतो श्वास आत, आन्‌ नाव माझ्या पट्ट्याचं."

रावसाहेबांनी दोन इंच गिळले, मास्तरांनी दोन इंच विनयाने सोडले आणि म्हाताऱ्याने दोन इंच वाडवडिलांना स्मरून कापले. तिघांच्या सौजन्यात माझी नोकरी सहा इंचांनी तोकडी पडली होती. मी घड्याळ पाहिलं आणि मोटारीची वेळ सांगितली. माझा आवाज जरा चिरकला असावा, कारण दोघेही भांडायचे थांबले.

"नवा होईल का?" मी विचारलं.

"कातडं रंगवून वाळाया दोन दिस," म्हातारा म्हणाला. मग दुकानात गेला आणि हातात एक जाड, दुहेरी शिवणीचा तंग घेऊन आला. "ह्यो हाय. रंग मिळतो. कँपातल्या खेचरासाठी केलता. त्यांनी परत केला."

"का?"

"खेचर मेलं."

तंगाचा तुकडा कापून पट्ट्याच्या मधोमध, पाठीवर येईल असा जोडायचं ठरलं. म्हाताऱ्याने बसकण मारली आणि कातडं टोचायची आरी चालवायला लागला. जोड मजबूत होत होता, पण आंधळ्यालाही दिसला असता: मधला तुकडा दुप्पट जाड, त्यावर तीन रांगा टाके.

"तो झाकला पाहिजे," मी म्हणालो.

मास्तरांनी सावकाश मशिनखालचा खण ओढला आणि आतून हातभर खाकी कापड काढलं. आदल्या खेपेला त्यांनी रावसाहेबांना शपथेवर सांगितलं होतं की कोटात सगळं कापड संपेल, चिंधी उरणार नाही.

मी त्या कापडाकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुठून आलं कोण जाणे," ते म्हणाले आणि कोटाच्या पाठीला पट्टा झाकणारी एक झडप शिवायला बसले. वर शिवलेली, खाली मोकळी. दोन बटणं लावायची होती, तेवढ्यात मोटारीचा भोंगा ऐकू आला.

नगरहून जामखेडला जाताना वाटेत निजामाची हद्द लागे, आणि तिथे करोडगिरीचा नाका होता. जकातीच्या कारकुनाने गाठोडं सोडलं, कोट बाजूला सारला आणि पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"जीन कुठे आहे?" त्याने विचारलं.

"जीन नाही. एवढंच."

त्याने वहीत लिहिलं: घोड्याचं सामान, नग एक. या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा आणि खरंच लिहिणारा तो एकटा निघाला.

समारंभाच्या दिवशी सकाळी रावसाहेबांनी पट्टा चढवला. तो मधल्या भोकात बसला. "बघा," ते आरशात पाहत म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळीस." झडप ही कँपातली नवी फॅशन आहे असं मी सांगितलं. कँपातलं काहीही त्यांना लगेच पटायचं.

साहेब आले, हार झाले. हॉलच्या दारात लाल फीत होती. साहेबांनी ती कापली आणि कात्री तबकात ठेवताना ती खाली पडली. रावसाहेबांचं खरं मोठेपण अशा वेळी दिसायचं. ते तत्परतेने वाकले. बटणं नसलेली झडप अलगद वर गेली आणि पाठीवर उताणी पडली. साहेब बरोबर त्यांच्या मागे उभे होते.

हे साहेब पूर्वी घोडदळात होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खाली झुकून पाहिलं. मग बोट पुढे करून तीन रांगा टाके चाचपले. रावसाहेब कात्री घेऊन उठले आणि आपल्या पाठीला साहेबांचा हात लागल्याचं जाणवून जागच्या जागी थिजले. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले. रावसाहेबांचं इंग्रजी सहीपुरतंच होतं.

"काय म्हणाले?" त्यांनी मला विचारलं. सगळा गाव माझ्याकडे बघत होता.

साहेब म्हणाले होते की, हा खेचराचा तंग आहे, आणि सकाळपासून या गावात आपण पाहिलेलं हे सर्वांत उत्तम काम आहे.

वाक्याचा पहिला भाग मला त्या क्षणी भाषांतराला कठीण वाटला.

"साहेब म्हणतात," मी म्हणालो, "सकाळपासून पाहिलेल्यात सर्वांत उत्तम काम तुमच्या कमरेला आहे."

टाळ्या झाल्या. त्या मीच सुरू केल्या. साहेबांनी कारागीर कोण असं विचारलं. रावसाहेब म्हणाले, "आपला खास माणूस आहे, नगरला. माझं माप त्याला तोंडपाठ आहे."

पुढच्या खेपेला नगरला गेलो तेव्हा मी ही हकीकत दोघांना सांगितली. मास्तर हसून हसून बाकावरून घसरले. म्हातारा हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "साहेबानं तंग वळाखला?"

"ओळखला."

"टाक्यावरनं?"

"टाक्यांवरूनच."

"मंग झालं," तो म्हणाला आणि पुन्हा आरी घेतली. त्यानंतर मास्तरांनी कुणाचंही माप पुकारलं की फळ्यांपलीकडून आवाज यायचा, "पुकारलं कळलं. लिवलं किती?" गिऱ्हाइकं गोंधळायची. मास्तर म्हणायचे, "शेजारी आहेत. वयोमान."

मी कायम झालो. लग्नही झालं. रावसाहेबांना पदवी मिळाली नाही. ती येण्याआधी इंग्रजच गेले. स्वातंत्र्य आल्यावर त्यांनी खादी धरली आणि ब्रीचेस, कोट वगैरे वाटून टाकलं. पट्टा मात्र त्यांनी छोटंसं भाषण करून शाळेला भेट दिला, ऐतिहासिक वस्तू म्हणून. ऐतिहासिक वस्तू ठेवायला शाळेत कपाट नव्हतं. कायम शिक्षक म्हणून नकाशांची पेटी माझ्या ताब्यात होती आणि तिचं कुलूप मोडलेलं होतं. शिपायाने पट्टा तिला आवळला. तो मधल्या भोकात नेमका बसला.

पेटीचा घेर मी टेप लावून मोजला. चव्वेचाळीस इंच भरला.