पयले पाणी

"पयले पाणी, मंग बोलणं." अंगणात पाऊल पडलं की बाईंचं हे वाक्य यायचं आणि पाठोपाठ पितळी लोटा. पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात आम्ही विद्यापीठातर्फे पाण्याचा अभ्यास करायला जायचो. तुम्ही कधी प्रश्नावली घेऊन खेड्यात हिंडला असाल, तर लोक कसे गप्प बसतात ते ठाऊक असेल. बाईंच्या ओसरीवर मात्र माणसं जमायची. बाईंनी पाणी दिलं म्हणजे ही मंडळी बरी, असं गाव धरून चालायचं.

लोटा रिकामा झाल्याशिवाय त्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नसत. आमच्यातल्या एकाने एकदा नजर चुकवून पाणी कुंपणावरच्या वेलाला ओतलं. बाईंनी लगेच लोटा पुन्हा भरून आणला. "लय तहान लागली होती वाटते जी!" बिचाऱ्याला तो पुरता प्यावा लागला.

दिवाळीच्या आधी तपासणीचा निकाल आला. बाईंच्या दारासमोरच्या हातपंपाच्या पाण्यात हाडं वाकवणारं फ्लोराइड फार होतं. बाईंचे वाकलेले गुडघे माझ्या डोळ्यांसमोर आले. पण अहवालावर वरिष्ठांची सही व्हायची होती. तोवर गावात काही बोलायचं नाही असं ठरलं आणि आम्ही माना डोलावल्या.

होळीनंतर पुन्हा गेलो, ते पिशवीत पाण्याच्या बाटल्या घेऊनच. बाईंनी लोटा पुढे केला.

"नको बाई, आत्ताच प्यालोय," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. परसातून राखेने भांडं घासल्याचा आवाज येत राहिला. मग लखलखीत लोटा घेऊन आल्या, सोबत शेजारच्या पाटलांची सून. "माह्या हातचं चालत नसन, तं हिच्या हातचं प्या. लोटा घासला जी."

शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तसं नाही हो बाई! पंपाचं पाणीच वाईट आहे. तुम्हीही पिऊ नका."

"कवा मालूम पडलं तुमाले?"

"दिवाळीच्या आधी."

"अन् आमी पेऊनच राह्यलो," बाई हळूच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे पाणी पिण्याजोगं नाही म्हणून त्या पंपाला लाल रंग फासला, गावात नळ आला. बाई आता नाहीत. परवा दुसऱ्या कामासाठी त्याच ओसरीवर गेले. बाईंच्या सुनेने चटई टाकली, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. पाणी मात्र विचारलं नाही. ऊन कडक होतं, घसा कोरडा पडला होता. मागायची माझी हिंमत झाली नाही.